तीनशे साठच का?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहावे तर कवितेवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर हुंड्यावर किंवा दुष्काळावर लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. भूमिती हा विज्ञानमंडळाचा प्रांत. आणि त्यांनीही तो भित्तिपत्रकापुरताच जपावा अशी सर्वांची अपेक्षा असते. हा दंडक मोडून मी आज वर्तुळ आणि कोन कसे मोजतात याविषयी लिहिणार आहे. पान उलटण्याच्या बेतात असलेल्या वाचकांना एवढेच आश्वासन देतो, की पुढे एकही ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ येणार नाही. माझे म्हणणे भूमितीपेक्षा आपल्या शिकण्याविषयी अधिक आहे.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांनी कंपासपेटी धाकट्या भावंडाला देऊन टाकली आणि भूमितीला कायमचा नमस्कार केला. त्यातून आपल्यापाशी जे उरले ते मुख्यत्वे दोन वाक्यांत मावते. पहिले : वर्तुळाचे ३६० अंश असतात. दुसरे : त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. झोपेतून उठवून विचारले तरी आपण ही दोन वाक्ये म्हणून दाखवू. पण ही दोन वाक्ये एकाच जातीची आहेत काय, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसू. वस्तुतः त्यांची जात अगदी वेगळी आहे. पहिले वाक्य हा माणसांनी आपापसांत केलेला ठराव आहे. दुसऱ्या वाक्यात एक सत्य आहे, आणि त्याने त्या ठरावाचा अंगरखा घातला आहे. युक्लिडच्या ग्रंथात अंशांचे नाव नाही. त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात, एवढेच तो सांगतो. हे झाले सत्य. त्या दोन काटकोनांना १८० म्हणावे की आणखी काही, हा झाला संकेत.

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि त्याहूनही अधिक आपल्या वर्गांत सत्य आणि संकेत यांना एकाच ठळक टाइपात छापले जाते, ही माझी तक्रार आहे. या तक्रारीचा संबंध केवळ गणिताशी असता तर मी ती येथे मांडली नसती.

प्रथम कोन मोजणे म्हणजे काय ते पाहू. एका बिंदूतून दोन किरण निघाले की त्यांच्यात फाक पडते. ती फाक म्हणजे कोन. गंमत अशी, की ही फाक पट्टीने मोजता येत नाही. मनगटावरच्या घड्याळात तीन वाजले काय आणि रेल्वे स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळात तीन वाजले काय, दोन काट्यांमधला कोन तोच. काट्यांच्या टोकांमधले अंतर मात्र एकीकडे बोटभर, दुसरीकडे हातभर. म्हणजे लांबी हे कोनाचे माप होऊ शकत नाही. मग माणसाने युक्ती काढली. कोनाच्या शिरोबिंदूवर कर्कटक ठेवावे, वर्तुळ काढावे आणि त्या वर्तुळाचा केवढा वाटा दोन किरणांमध्ये सापडतो ते पाहावे. वर्तुळ लहान काढा की मोठे काढा, वाटा बदलत नाही. तीन वाजता तो पाव असतो, सहा वाजता अर्धा. कोन मोजायचा म्हणजे वर्तुळातला वाटा मोजायचा. आणि ‘अंश’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘वाटा’ असा आहे. घरच्या इस्टेटीत वाटणी होते तशीच ही वाटणी.

आता वाटणी आली की वाटे किती करायचे हा प्रश्न आला. बाबिलोनी लोक साठ-साठच्या हिशेबाने मोजत. त्यांच्याकडून वर्तुळाचे ३६० भाग ग्रीकांकडे गेले, आणि दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथाने ते पक्के केले. वर्षाचे दिवस साधारण तेवढेच असल्याने सूर्य आकाशात रोज सुमारे एक अंश सरकतो, ही एक सोय. दुसरी सोय व्यापाऱ्याच्या डोक्याची आहे. ३६० ला निःशेष भागणाऱ्या संख्या २४ आहेत, शंभराला भागणाऱ्या अवघ्या नऊ. निम्मे, तिसरा हिस्सा, पाव, पाचवा, सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा असे काहीही मागा, अपूर्णांक होत नाही. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते ते अशाच सोयीसाठी. अर्धा, पाव, अर्धपाव करता करता माणूस एक आण्यापर्यंत बिनबोभाट पोचे.

ही सोय सर्वांनाच पटली असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिथल्या विद्वानांनी दशमानाचा ध्यास घेतला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे त्यांनी ठरवले. त्याच झपाट्यात काटकोनाचे शंभर भाग केले आणि वर्तुळाचे चारशे. म्हणजे असा एक भाग उत्तर-दक्षिण चालले की पृथ्वीवर शंभर किलोमीटर होतात. हिशेब किती सुटसुटीत! त्या मापाने त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशे होते, आणि त्रिकोणाचे काहीही बिघडत नाही. पुढे मीटरने जग जिंकले. शंभर भागांचा काटकोन मात्र काही देशांतल्या जमीन मोजणीदारांपुरता उरला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि आणा गेला. शेर गेला, मण गेला. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. अंश मात्र कोणी हलवला नाही, घड्याळातली साठ मिनिटेही कोणी हलवली नाहीत. संकेत असे असतात. काही मोडतात, काही टिकतात. पण टिकला म्हणून संकेताचे सत्य होत नाही.

येथे कला शाखेच्या वाचकाला एक ओळखीची गोष्ट आठवावी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत शब्दाशब्दावर अनुस्वार दिसतात. म्हणून ती पुस्तके कोणी अशुद्ध म्हणत नाही, आणि आजच्या अनुस्वार नसलेल्या मराठीत अर्थ कमी झाला असेही कोणी म्हणत नाही. ३६० हा भूमितीतला शुद्धलेखनाचा नियम आहे. तो पाळावा, कारण सगळे पाळतात. पण तो नियम आहे हे माहीत असावे.

मग वर्तुळाचे स्वतःचे असे काही माप आहे की नाही? आहे, आणि ते घरी बसल्या पाहता येते. अप्पा बळवंत चौकातून आणलेली एखादी कंपासपेटी घरात कुठेतरी असेलच. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढा. कर्कटकाचे तोंड तेवढेच ठेवून परिघावर एकापुढे एक खुणा करत चला. बरोबर सहा खुणांत तुम्ही आरंभाच्या बिंदूवर परत याल. शाळेत गणिताचा तास रटाळ झाला म्हणजे आपण सगळ्यांनी सहा पाकळ्यांचे फूल काढलेले असते, ते हेच. आता ते वर्तुळ कापून त्याची चकती करा, त्रिज्येएवढा दोरा कापून घ्या आणि तो चकतीच्या कडेकडेने वाकवून लावत चला. या वेळी सहाने भागत नाही. सहा वेळा दोरा लावून झाला तरी थोडी कड मोकळी राहते. दोऱ्याच्या पावभागाहून किंचित जास्त. कर्कटकाने आपण सरळ अंतरे मोजली, म्हणजे जीवा मोजल्या, त्या सहा भरल्या; दोऱ्याने वाकडी अंतरे मोजली, म्हणजे कंस मोजले, ते सव्वासहाहून थोडे अधिक भरले. सहा आणि ६.२८ यांतला हा फरक म्हणजे धनुष्याची दोरी आणि धनुष्याची कांब यांच्या लांबीतला फरक. वर्तुळाचे सगळे कोडे या फरकात आहे. ६.२८ चे निम्मे करा, म्हणजे ३.१४ हा आपल्या चांगल्या ओळखीचा आकडा येतो, तोच ‘पाय’.

त्रिज्येएवढ्या दोऱ्याने परिघाचा जेवढा तुकडा झाकला, त्याच्यासमोर केंद्रापाशी जो कोन होतो त्याला रेडियन म्हणतात. आपल्या अंशांत तो सुमारे ५७ अंश १७ कला ४५ विकला भरतो. आकडा ओबडधोबड दिसतो. पण तो दोष आपल्या ३६० चा आहे, त्या कोनाचा नव्हे. तो कोन बाबिलोनने ठरवलेला नाही आणि पॅरिसनेही नाही. चकती बांगडीएवढी घ्या की पर्वतीएवढी घ्या, वर्तुळ स्वतःच्या त्रिज्येने स्वतःला मोजते आणि तोच कोन देते. रेडियन हे नाव प्रथम छापले गेले १८७३ साली. विज्ञान शाखेचे विद्यार्थी ते अकरावीत शिकतात. आपण त्याच्या उंबरठ्यावरूनच परत फिरलेले असतो.

परंतु मौज अशी, की ज्या कल्पनेसाठी आपल्याला अकरावी सायन्सचा दाखला लागतो, तिची गुरुकिल्ली आपण चौथी-पाचवीपासून तोंडात घोळवत आलो आहोत. ‘त्रिज्या’ हा तो शब्द. त्रिज्या म्हणजे केंद्रापासून परिघापर्यंतचे अंतर, हे पाठ असते. पण त्या अंतराला ‘त्रिज्या’ का म्हणावे? यात ‘तीन’ कुठून आले? संस्कृतच्या किंवा मराठीच्या पेपरात समास सोडवून मिळवलेले गुण इथे कामी येतात. हा मध्यमपदलोपी समास आहे : त्रिराशिज्या, तीन राशींची ज्या. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, म्हणून त्याला चाप म्हणायचे. त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचे अंतर हा शर, म्हणजे बाण. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितज्ञांनी पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी हिशेबाला सोयीची म्हणून घेतली. तिला ज्यार्ध म्हणता म्हणता पुढे नुसते ज्या म्हणू लागले. एक राशी ३० अंशांची, तीन राशी ९० अंशांच्या. कोन वाढत जातो तशी ही अर्धी दोरी वाढत जाते, आणि तीन राशी पुऱ्या झाल्या की ती केंद्रापासून परिघापर्यंत पोचते. तीन राशींची ज्या तीच त्रिज्या!

नववीच्या त्रिकोणमितीत आपण एक कोष्टक पाठ केले होते. त्यात नव्वद अंशांच्या साइनची किंमत एक. त्या एकाचे कारण मी तेव्हा विचारले असता ‘ते तसेच असते, पाठ करा’ असे उत्तर मिळाले. गुरुजींना बोल लावण्याचे कारण नाही, त्यांनाही कोणी तसेच सांगितले असणार. पण कारण तर फळ्यावरच्या वर्तुळात मराठी अक्षरांत लिहिलेले होते. त्रिज्या या शब्दाचा अर्थच तो आहे.

आणि साइन तरी कोण? ‘जीवा’ हा शब्द अरबी गणितज्ञांनी जसाच्या तसा उचलला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पुढे तो शब्द वाचताना घडी किंवा कपड्याचा खोळा अशा अर्थाचा त्यांचा स्वतःचा शब्द लोकांना दिसू लागला. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीचे भाषांतर केले ‘सायनस’, आणि सायनसचे झाले साइन. म्हणजे नववीच्या पुस्तकात वर्तुळाच्या प्रकरणात ‘जीवा’ भेटते आणि त्रिकोणमितीच्या प्रकरणात ‘साइन’ भेटते, त्या दोघी एकच. एक घरी राहिली, दुसरी बगदाद आणि स्पेन करून परक्या नावाने परत आली. एकाच पुस्तकात त्या दोघी शेजारी शेजारी नांदतात आणि कोणी त्यांची ओळख करून देत नाही.

आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात २४ ज्यांची सारणी आहे. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कला होतात २१,६००. परिघ २१,६०० धरला तर त्रिज्या किती? ३,४३८. त्या सारणीतली ३० अंशांची ज्या आहे १,७१९, म्हणजे बरोबर निम्मी. आणि शेवटची, नव्वद अंशांची, ३,४३८. वर सांगितलेल्या रेडियनच्या कला करून पाहा : सत्तावन्न गुणिले साठ, अधिक सतरा, आणि वरच्या ४५ विकला. ३,४३७ पूर्णांक तीन चतुर्थांश येतात. रेडियन आर्यभटाने शोधला असे मी म्हणत नाही; वर्तुळाची वाकडी कड आणि सरळ त्रिज्या एकाच मापाने मोजावीत ही दृष्टी मात्र त्याच्यापाशी होती. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परिघ आणि व्यास यांचे त्याने दिलेले गुणोत्तर ३.१४१६ होते, आणि तो त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचे, असे म्हणतो. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त दोन गुणोत्तरे दिली, ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल, म्हणजे व्यवहारापुरते. आपल्यापैकी किती जणांना शाळेतून बाहेर पडताना ठाऊक होते, की २२/७ म्हणजे ‘पाय’ नव्हे, त्याची व्यवहारातली उसनी किंमत आहे? साडेआठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराने जो भेद दोन विशेषणांत स्पष्ट केला, तो आपल्या ‘पाय बरोबर २२/७ घ्या’ या वाक्यात पुसून जातो.

एव्हाना काही वाचकांना वाटू लागले असेल, की हा लेख आता ‘सगळे आमच्याकडेच होते’ या ठरलेल्या मुक्कामाला जाणार. तिकडे मला जायचे नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात बारा आणि तीनशे साठ यांचा उल्लेख असलेले चक्र आहे. पण ते वर्षाचे चक्र आहे, कोनमापक नव्हे. ‘केंद्र’ हा शब्द संस्कृतात ग्रीकांकडून आला. म्हणजे आपल्या वहीतल्या वर्तुळाचा मध्यबिंदू ग्रीक नावाचा, वाटणी बाबिलोनी आणि दोरी भारतीय. तीच दोरी पुढे अरबांच्या हातून युरोपात गेली. यात अभिमान वाटण्यासारखे काही असेल तर ते देवघेवीचे आहे, मालकीहक्काचे नाही.

कला शाखेला या विषयाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांसाठी एक पुरावा आपल्याच अभ्यासक्रमातला देतो. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख जुन्या मराठीचा नमुना म्हणून आपण अभ्यासतो. त्याच्या अखेरच्या मराठी भागातली रूपे आणि प्रत्यय पाहतो. तो लेख आहे कशाचा? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. त्या मठासाठी दिलेल्या देणग्यांचा आणि बाजारातल्या मालावरच्या हक्काचा तो लेख आहे. ज्या मोजक्या जुन्या लेखांतून मराठी प्रथम दगडावर उमटली, त्यांतला एक गणिताच्या पाठशाळेचा खर्च कसा भागवायचा हे सांगतो! भाषा आणि गणित यांच्यात भिंत बांधली ती आपल्या वेळापत्रकाने. त्या दगडावर ती नाही. आणि असेही पाहा, अंशाच्या साठाव्या भागाला ‘कला’ म्हणतात. आमच्या शाखेचे नावच कोनमापनात आहे. भाग जरा लहान आला, एवढेच.

सत्य आणि संकेत यांची गल्लत झाली की काय होते, याचे उदाहरण शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. वर्तुळाला आरंभ नसतो. मोजणी कुठून सुरू करायची हे ठरवावे लागते. आकाशातल्या राशिचक्राचा शून्य अंश कुठे धरावा, यावर आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. त्यात शून्य धरला तो रेवती नक्षत्रातल्या एका बारीक ताऱ्यापाशी. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांच्या नावाने ओळखले जाणारे पंचांगही तोच आरंभ मानते. दुसऱ्या पक्षाने चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू घेतला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तिसऱ्याच, म्हणजे सायन पक्षाचे. त्यांचा शून्य वसंतसंपातापाशी, आणि तो संपात स्वतःच दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकणारा. रेवती आणि चित्रा या दोन पक्षांत फरक आहे सुमारे चार अंशांचा. सूर्य रोज एक अंश चालतो, म्हणून एका पंचांगाची मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, तर दुसऱ्याची चार दिवस आधी. अधिकमास वेगवेगळे पडले, की एकाच आळीत दोन घरांचे गणपती महिन्याच्या अंतराने बसतात.

या तिन्ही पक्षांतले पुढारी मोठे विद्वान होते, आणि आपण एका आरंभबिंदूची निवड करीत आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांचे वाद आजही वाचावेसे वाटतात. पंचाईत झाली ती मागून येणाऱ्यांची. ज्यांना निवड माहीत नव्हती, फक्त निकाल माहीत होता, त्यांना शेजाऱ्याची संक्रांत ‘चुकीची’ वाटू लागली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने पुढे २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला धरावा असे ठरवले. हाही ठरावच. आकाशात कोठेही शून्याची खूण कोरलेली नाही.

हातातले घड्याळ तरी काय सांगते? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, पुणे ७३ अंश ५१ कलांवर. साडेआठ अंशांहून थोड्या अधिक या फरकामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास. भर बाराला माध्यान्ह झाली असे आपण म्हणतो तो संकेत. अंगणातल्या काठीची सावली सर्वांत आखूड होते ते सत्य. दोन्ही हवेत. प्रमाणवेळ नसती तर गाड्या धावल्या नसत्या. पण काठीची सावली विसरलेला माणूस घड्याळालाच सूर्य समजतो, आणि मग त्याला कोणीही कोणतेही घड्याळ देऊ शकते.

मला काळजी वाटते ती इथे. शाळेत दहा वर्षे ज्याला ‘ते तसेच असते’ हे उत्तर मिळाले, तो दोहोंपैकी एका वाटेने जातो. एक तर तो प्रत्येक रूढीला भूमितीच्या प्रमेयाइतके अटळ मानू लागतो. किंवा सगळेच माणसांनी ठरवलेले आहे असे म्हणत प्रमेयालाही रूढी समजतो. कट्ट्यावरच्या आपल्या वादांत ही दोन्ही माणसे रोज भेटतात. जातपात, मानपान, भाषेची शुद्धता, बाईने कसे वागावे या विषयांवर बोलताना ‘हे असेच असते’ म्हणणारा आणि ‘खरेखोटे असे काही नसतेच’ म्हणणारा, हे दोघे एकाच वर्गातून उत्तीर्ण झालेले असतात. कोणते वाक्य ठरावाचे आणि कोणते सत्याचे हे पारखण्याची सवय लावायला भूमितीइतकी सोपी आणि निर्धोक जागा दुसरी नाही. कारण तिथे कोणाच्याही भावना दुखावत नाहीत.

गणिताचे शिक्षक म्हणतील, की अभ्यासक्रम आधीच पुरा होत नाही, त्यात ही आख्याने कुठे बसवायची? आक्षेप रास्त आहे. म्हणून मी थोडेच मागतो. कोनमापक हातात देण्याआधी एक तास पुठ्ठ्याची चकती आणि दोरा द्यावा. ‘त्रिज्या’, ‘जीवा’, ‘अंश’ हे शब्द प्रथम येतील तिथे त्यांची दोन ओळींची जन्मकथा छापावी; गुण्या हा गवंड्याच्या हातातला शब्द पाठ्यपुस्तकात येऊन बसला, तेव्हा पुस्तकाचे काही बिघडले नाही, या शब्दांच्या कथेनेही बिघडणार नाही. ‘पाय बरोबर २२/७’ याऐवजी ‘पाय सुमारे २२/७’ असे लिहावे. त्याला जादा शाईसुद्धा लागत नाही. आणि आपल्या महाविद्यालयापुरते म्हणाल तर वाङ्मयमंडळ आणि विज्ञानमंडळ यांनी वर्षातून एक दुपार एकत्र बसावे. शब्द आम्ही सोडवू, वर्तुळ त्यांनी काढावे.

सातवी-आठवीतले एखादे मूल तुमच्या घरात असेल आणि ते कधी ‘तीनशे साठच का?’ असे विचारील, तर त्याला सांगा, की चारशेही चालले असते, आणि एका देशाने ते करूनही पाहिले. मग त्याला दोरा आणि चकती द्या, आणि सहा वेळा लावून झाल्यावर उरलेल्या मोकळ्या कडेकडे बोट दाखवून सांगा, की हे मात्र कोणालाही बदलता आले नसते.